उजव्या पायाची ती किक आणि मी सांगितलेली अर्धी गोष्ट

श्री. जॉनी विल्किन्सन यांस,


तुम्ही मला ओळखत नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो. खो-खो शिकवायचो. रग्बीचा चेंडू मी आजवर हातात धरलेला नाही. तरीही तुमचं नाव आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलामुलींना माहीत होतं, कारण मीच ते त्यांना सांगत असे. कसं सांगत असे आणि त्यातून काय झालं, हे तुमच्या कानावर घालायचं फार दिवस मनात होतं. पत्र उघड लिहितो आहे, कारण माझ्यासारखे शिक्षक आणि आईबाप आमच्याकडे घरोघर आहेत. त्यांनीही ते वाचावं.

२२ नोव्हेंबर २००३ ला सिडनीत इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला हरवून रग्बीचा विश्वचषक जिंकला. आमच्याकडच्या पेपरात ती बातमी आतल्या पानावर आली. आमच्याकडे नोव्हेंबरात क्रिकेट सोडून दुसरं काही वाचणारा माणूस विरळाच, पण मला खेळाच्या पानावरची शेवटची ओळही वाचायची सवय. जादा वेळेतली शेवटची मिनिटं, १७-१७ अशी बरोबरी, आणि डावखुऱ्या पायाच्या एका २४ वर्षांच्या पोराने उजव्या पायाने मारलेली किक. २०-१७. पुढे एका साप्ताहिकात तुमच्या सरावाबद्दल वाचलं. हा मुलगा नाताळच्या दिवशीही मैदानावर जातो. ओळीने ठरलेल्या किका मनासारख्या बसल्याखेरीज घरी जात नाही. एक हुकली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ते कात्रण मी कापलं आणि शाळेच्या सूचना फलकावर लावलं. वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘याला म्हणतात सराव.’

ते कात्रण फलकावर चार वर्षं होतं.

रग्बी न पाहिलेल्या वाचकासाठी त्या किकेबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. रग्बीत चेंडू हातात घेऊन पळतात आणि मागच्या बाजूलाच पास देतात. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे तो जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण. याशिवाय ड्रॉप गोल नावाचा एक प्रकार आहे. चालत्या खेळात चेंडू हातातून सोडायचा, तो जमिनीला लागून उसळला की त्याच क्षणी लाथाडायचा आणि दोन उंच खांबांच्या मधून, आडव्या दांड्यावरून पाठवायचा. तीन गुण. चेंडू अंडाकृती असतो, तो सरळ उसळेल याची खात्री नाही, आणि समोरून शंभर-शंभर किलोची माणसं अंगावर येत असतात. त्या रात्री त्याआधी तुमचे ड्रॉपचे प्रयत्न हुकले होते. घड्याळात जेमतेम २६ सेकंद उरली होती आणि चेंडू आला तेव्हा तुम्ही अशा जागी होतात की डाव्या पायाला वाव नव्हता. उजवा पाय उठला. चेंडू फार उंच गेला नाही, थोडा डगमगतच गेला, पण मधून गेला.

मी ती किक प्रत्यक्ष पाहिली ती बऱ्याच वर्षांनी, मुलाच्या मोबाइलवर. पण न पाहताच ती मी शेकडो वेळा वर्णन केली होती. प्रत्येक वर्णनाचा शेवट एकच: ‘त्याने उजव्या पायाचाही सराव केला होता. तुम्ही कशाचा केलाय?’

आता त्या मुलांमधल्या एका मुलीबद्दल. नाव लिहीत नाही. नववीत होती, हडकुळी, पायात विलक्षण वेग. खो-खोत खांबाजवळचा सूर हे कसलेल्या आक्रमकाचं काम. धावत यायचं, एका हाताने खांब धरायचा आणि त्याच्या आधाराने अंग पुढे झोकून पलीकडून वळणाऱ्या गड्याला दुसऱ्या हाताने टिपायचं. तिचा सूर पाहायला इतर शाळांचे शिक्षक थांबत. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या अर्ध्या मिनिटात तिचा सूर एका वितीने हुकला. आम्ही एका गुणाने हरलो.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मी तिला एकटीला थांबवू लागलो. ओळीने दहा सूर बरोबर पडले की घरी जायचं. एक चुकला की पुन्हा एकपासून. हा नियम तुमच्याकडूनच उचलला होता आणि तसं मी तिला सांगितलंही होतं. आठवा सूर चुकला की तिचा चेहरा पडायचा, पण ती तोंडातून शब्द काढायची नाही. कोपरं सोलवटली, गुडघ्यांवर खपल्या धरल्या, अंधार पडू लागला की मैदानाच्या कडेला तिची आजी येऊन बसायची. मला वाटायचं, पोरगी घडतेय. दोन महिन्यांनी तिने शाळेची जर्सी धुऊन, घडी घालून माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाली, “सर, झोपेतसुद्धा खांबच दिसतो.” परत ती मैदानावर आली नाही. शिक्षकांच्या खोलीत मी सांगितलं, गुण आहेत पण चिकाटी नाही.

विल्किन्सन, तुमच्या गोष्टीची मी छडी केली होती. आणि ती छडी ज्या अर्ध्या गोष्टीची होती, तिचा उरलेला अर्धा तुम्ही तेव्हा भोगत होतात, हे मला ठाऊक नव्हतं.

ते कळलं तुमच्या आत्मचरित्रातून. २०११ साली ते निघालं, नंतर कधीतरी मुलाने आणून दिलं, आणि शब्दकोश शेजारी ठेवून मी ते एका पावसाळ्यात वाचलं. मग तुमच्या मुलाखती, तुमची भाषणं ऐकायला लागलो. जिथे इंग्रजी अडतं तिथे मुलगा समजावून सांगतो. तुम्ही आता व्यासपीठावर उभे राहून सांगता की विश्वचषक हातात आला आणि ज्या आनंदासाठी सगळं आयुष्य पणाला लावलं होतं, तो बघता बघता ओसरायला लागला. शिखरावर पोचताक्षणी उतार सुरू झाला. लहान वयातच सामन्याच्या आधी भीतीने तुमच्या पोटात कालवायचं, आणि जगातला सगळ्यात नावाजलेला फ्लाय-हाफ, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा गडी, झाल्यावरही ती भीती गेली नव्हती. चिंता आणि नैराश्य हे शब्द तुम्ही स्वतःबद्दल आडपडदा न ठेवता वापरता. सराव संपत नसे, कारण भीती संपत नसे. हे ऐकताना मी मोबाइल खाली ठेवला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. मला त्या जर्सीची घडी दिसत होती.

तुमच्या खेळाची सुरुवात मला आता वेगळी दिसते. १९९८ साली वयाच्या अठराव्या वर्षी तुम्ही इंग्लंडकडून खेळलात. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिस्बेनला इंग्लंडसाठी पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरलात तेव्हा ऑस्ट्रेलियाने तुम्हाला ७६-० असं हरवलं. एकोणिसाव्या वर्षी ७६-०! आमच्याकडचा एखादा व्याख्याता ही हार आणि पाच वर्षांनंतरची जीत यांच्यामध्ये सरळ रेघ ओढेल आणि टाळ्या घेईल. मीही ओढली असती. पण त्या पाच वर्षांत रोज रात्री घरी जाणाऱ्या मुलाला आपण आज पुरेसे झालो असं एकदाही वाटू नये, याची किंमत त्या रेघेत कुठेच नोंदलेली नसते.

किंमत शरीरानेही वसूल केली. जुन्या फ्लाय-हाफांसारखे तुम्ही धडका टाळणारे नव्हतात. आपल्याहून मोठ्या माणसाला आडवं करण्यात तुम्ही नाव कमावलं. सिडनीनंतर मानेची शस्त्रक्रिया, दंड, गुडघा, मूत्रपिंड, एकामागून एक. इंग्लंडच्या जर्सीत परत यायला तुम्हाला १,१६९ दिवस लागले. ३ फेब्रुवारी २००७ ला ट्विकनहॅमवर स्कॉटलंडविरुद्ध उतरलात आणि एकट्याने २७ गुण केलेत: ट्राय, कॉन्व्हर्जन, पेनल्टी, ड्रॉप गोल, रग्बीत जितक्या तऱ्हेने गुण मिळतात तितक्या सगळ्या तऱ्हेने. ४२-२०.

तो सामना ज्या करंडकासाठी होता त्याचं नाव कलकत्ता कप, हे वाचून मी चमकलो होतो. कलकत्त्यातल्या इंग्रजांचा रग्बी क्लब १८७० च्या दशकात मोडला, तेव्हा त्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते २७० रुपये वितळवले आणि त्याचा करंडक घडवून इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. मुठी नागांच्या, झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळतात. आमच्या बाजारातून फिरलेली चांदी तुमच्या पुनरागमनाला साक्षी होती, एवढंच माझं आणि रग्बीचं नातं.

२००७ चा विश्वचषक अंतिम सामना तुम्ही हरलात, पॅरिसमध्ये दक्षिण आफ्रिकेकडून, १५-६. दोन विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत गुण मिळवलेले, इंग्लंडसाठी ९१ सामने, १,१७९ गुण. हे आकडे मी फलकावर लिहिले असते. आता मला त्यापेक्षा टूलाँ महत्त्वाचं वाटतं. २००९ साली न्यूकॅसलचा क्लब सोडून तुम्ही फ्रान्सच्या त्या बंदराच्या गावी गेलात. लोकांना वाटलं, पाय थकलेत, आता निवृत्तीआधीचा ऊन खायचा काळ. तिथे तुम्ही पाच हंगाम खेळलात. २०१३ ला युरोपचा करंडक, २०१४ ला पुन्हा तोच, कार्डिफला सॅरसन्स या इंग्लिश क्लबवर २३-६, आणि दुसऱ्या दिवशी तुमचा पस्तिसावा वाढदिवस. आठवडाभरात, ३१ मे ला, फ्रान्सचं विजेतेपद आणि निवृत्ती. कार्डिफला तुमच्या समोर दहा नंबरची जर्सी घालून जो तरुण हरला तो ओवेन फॅरेल. त्याच फॅरेलला पुढे इंग्लंडच्या सरावात तुम्ही किका शिकवल्यात. हरवलेल्या पोराच्या शेजारी उभं राहून त्याला आपली विद्या देणं, हे मला तुमच्या सगळ्या चषकांहून मोठं वाटतं. शिक्षक आहे ना मी.

तुमचे स्वतःचे गुरू डेव्ह ऑलरेड. त्यांनी तुम्हाला गोलखांबांच्या मागे, प्रेक्षकांत बसलेली डोरिस नावाची एक काल्पनिक बाई दिली, आणि चेंडू तिच्या मांडीत पाठवायला सांगितला. नुसतं ‘दोन खांबांच्या मधून’ हे निशाण फार ढोबळ, म्हणून एका माणसाएवढं बारीक निशाण. पाय अंगाभोवती वळवून झाडू फिरवल्यासारखा न मारता लक्ष्याच्या दिशेने सरळ पुढे न्यायचा, सगळं अंग चेंडूच्या मागे जायला हवं, हेही त्यांचंच. खो-खोत मीही हेच सांगायचो: हात खांबाकडे, नजर गड्याच्या पाठीवरच्या एका ठिपक्याकडे. चांगलं शिकवणं कुठल्याही खेळात एकमेकांना ओळखतं. त्यामुळे तुमच्या सरावात काहीच चुकीचं नव्हतं आणि सगळं चुकीचं होतं, अशा पेचात मी पुस्तक वाचताना सापडलो.

त्या पेचातून मला तुमच्याच एका वाक्याने वाट दाखवली. तुम्ही एका मुलाखतीत म्हणालात की बौद्ध विचारांकडे तुम्ही वळलात, आणि विज्ञानाच्या एका चित्रफितीने, त्या डब्यातल्या मांजराच्या प्रसिद्ध कोड्याने, तुमचं डोकं उघडलं. मांजराचं मला नीट कळलं नाही. बुद्धाचं मात्र कळलं. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी पाली वाङ्मय मराठीत आणलं, त्या वाटेने माझ्यासारख्या खेड्यातल्या मास्तरालाही त्या कथांची गोडी लागली. त्यातली एक तुमची आहे.

सोण कोळिविस हा चंपानगरीच्या धनाढ्य घरातला मुलगा. इतका सुकुमार की त्याच्या तळव्यांवर म्हणे केस उगवले होते, कारण जमिनीला पाय लागायची वेळच आली नव्हती. तो भिक्षू झाला आणि राजगृहाजवळ राहून चालता चालता ध्यान करू लागला. पुढे-मागे, पुढे-मागे, इतका की तळवे फुटले आणि चालण्याची वाट रक्ताने भरली. तरी हाती काही लागेना. मग त्याला वाटलं, आपल्याच्याने होत नाही, घरी जावं, श्रीमंती आहेच. बुद्ध त्याच्याकडे आले. त्यांनी त्याला साधना किती झाली हे विचारलं नाही, पूर्वी तू वीणा वाजवायचास ना, एवढंच विचारलं. तारा फार ताणल्या तर सूर येतो का? नाही. फार सैल सोडल्या तर? नाही. मग कशा हव्यात हे सोणाला स्वतःलाच उमगलं.

या कथेत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. बुद्धांनी सोणाला चालणं बंद कर असं सांगितलं नाही. तो पुढेही चालतच राहिला, फक्त वाट रक्ताची राहिली नाही.

कोणी म्हणेल, ते वेड नसतं तर तो उजवा पाय सिडनीत उठला नसता. मी यावर फार विचार केला आहे. खोटं बोलणार नाही: तो पाय सरावानेच तयार झाला. पण कुठल्या सरावाने? दिवसाच्या पहिल्या तासातल्या किका पाय घडवतात. ताजं अंग, ताजी नजर, चुकलं तर का चुकलं हे बघायची उमेद. त्यानंतर अंधार पडेपर्यंत मारलेल्या किका, ओळ तुटली म्हणून पुन्हा एकपासून मोजलेल्या, त्या पाय घडवत नाहीत. त्या भीतीला दिलेला नैवेद्य असतात. आणि भीती नैवेद्य खाऊन कधी तृप्त झाल्याचं मी पाहिलेलं नाही. माझ्या त्या मुलीचे पहिले पाच सूर दिवसेंदिवस सुधारत होते. आठव्यापुढचे सगळे वाईट होत गेले, कारण तोवर तिचे हात खांब शोधत नसायचे, माझा चेहरा शोधायचे. हे मी डोळ्यांनी पाहत होतो आणि मला दिसत नव्हतं.

तेव्हा माझी पहिली विनंती अशी. तुम्ही आता किकर मुलांना शिकवता. २०२३ च्या विश्वचषकात मार्सेलला अर्जेंटिनाविरुद्ध तुमच्या हाताखालून गेलेल्या जॉर्ज फोर्डने तीन ड्रॉप गोल मारले, इंग्लंडचा एक गडी सुरुवातीलाच लाल कार्डाने बाहेर गेलेला असताना सगळेच्या सगळे २७ गुण एकट्याने केले. तेव्हा तुमच्या विद्येत किती जोर आहे हे जगाने पाहिलं आहे. त्या विद्येचा एक भाग अजून कुणी लिहून ठेवलेला नाही: थांबायचं कुठे. किक कशी मारायची याची शेकडो पुस्तकं निघतील. मुलाने चेंडू पिशवीत टाकून घरी कधी जावं, ते मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला कशावरून ओळखता यावं, मुलाचा पाय अजून शिकतोय की नुसतं मन दंड भरतंय, हे सांगणारा माणूस तुमच्याशिवाय मला दिसत नाही. तुम्ही दोन्ही बाजूंनी ते मैदान पाहिलं आहे. तुमची भाषणं मोठ्या कंपन्यांच्या सभागृहांत होतात. होऊ देत, त्या माणसांनाही गरज आहे. पण हे एक भाषण शाळेच्या खेळशिक्षकांसाठी करा. साध्या इंग्रजीत करा. मी ते मराठीत लिहून आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत स्वतः नेऊन देईन.

दुसरी विनंती अधिक नाजूक आहे आणि ती करायचा मला अधिकार आहे की नाही हे ठरवत मी बरेच दिवस घालवले.

ती शेवटची किक ज्या चेंडूवर बसली, तो चेंडू आला कुठून? लाइनआउटमधून. रेषेबाहेर गेलेला चेंडू दोन्ही संघांच्या रांगांमध्ये डोक्यावरून फेकायचा आणि आपल्या माणसाला उचलून तो पकडवायचा. जादा वेळेची शेवटची सेकंदं, थकलेले हात, आणि जवळची, धोका नसलेली फेक न निवडता स्टीव्ह थॉम्पसन यांनी रांगेच्या थेट टोकाला, ल्यूइस मूडींकडे लांब चेंडू टाकला. ती फेक चुकती तर पुढचं काहीच नव्हतं. मूडींनी तो घेतला, माइक कॅट आत घुसले, मॅट डॉसन फटीतून सटकले, मार्टिन जॉन्सन यांनी अंगावर घेत आणखी दोन पावलं मिळवली, डॉसन पुन्हा उठून आले आणि तुमच्याकडे पास आला. तुमच्या उजव्या पायाआधी इतक्या जणांचे हात त्या चेंडूला लागले होते. मी मुलांना गोष्ट सांगताना यातला एकही हात सांगितला नव्हता.

डिसेंबर २०२० मध्ये थॉम्पसन यांनी सांगितलं की त्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. वय ४२. विश्वचषक जिंकल्याचं त्यांना आठवत नाही. ते चित्रीकरण बघतात, स्वतःला त्यात चेंडू फेकताना बघतात, आणि आपण तिथे होतो याची आठवण त्यांच्यापाशी नाही. थॉम्पसन हुकर होते. हुकर हा स्क्रमच्या पहिल्या रांगेत अगदी मधोमध असतो; आठ माणसांचा जोर समोरच्या आठांवर आदळतो तो त्याच्या मानेवर आणि डोक्यावर. त्यांनी सामन्यांइतकंच सरावातल्या स्क्रमच्या धडकांबद्दल सांगितलं आहे. आठवड्यामागून आठवडे, पुन्हा, आणखी एकदा. इतर अनेक माजी खेळाडूंसह ते रग्बीच्या संघटनांविरुद्ध न्यायालयात गेले. त्या खटल्याबद्दल मी बोलणार नाही, ते न्यायालयाचं काम. पण सराव हा शब्द इथेही आला, हे मला विसरता येत नाही. तुमच्या सरावाने तुमचं मन सोललं. त्यांच्या सरावाने त्यांच्याकडून ती रात्रच काढून घेतली.

इंग्लंडमध्ये हौशी रग्बीत २०२३ पासून धडक छातीच्या हाडाखालीच द्यायचा नियम आला. लोकांनी आरडाओरडा केला, खेळ मिळमिळीत होईल म्हणून. आमच्याकडे खो-खो मातीवरून मॅटवर आला तेव्हाही जुन्या लोकांनी हेच म्हटलं होतं, आणि त्यांच्यात मी होतो. मी चुकलो होतो. मातीवर सोललेली कोपरं म्हणजे खेळ नव्हे.

तुमची गोष्ट जगभर सांगितली जाते. ती तुम्ही सांगितली नाही तरी लोक सांगतात. माझ्यासारखा सातारा जिल्ह्यातला मास्तरही सांगतो. म्हणून ती कुठून सुरू होते याला महत्त्व आहे. उजव्या पायापासून सुरू केली की ऐकणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या हातात आपोआप छडी येते. तुम्ही नंतर कितीही सांगा की मी आतून रिकामा होत होतो, ते त्याच्या कानापर्यंत पोचत नाही, कारण तोवर त्याने गोल पाहिलेला असतो आणि त्याला हवं ते मिळालेलं असतं. माझंच झालं ना. म्हणून विनंती आहे, ती गोष्ट थॉम्पसन यांच्या हातातल्या चेंडूपासून सुरू करा. पहिल्या वाक्यात सांगा की ज्याने हा चेंडू टाकला त्याला ही रात्र आठवत नाही. मग स्वतःबद्दल सांगा. किक शेवटी येऊ द्या, किंवा नाही आली तरी चालेल. ती सगळ्यांना ठाऊक आहे.

हे लिहिताना मी तुम्हाला दोष देत नाही. नाताळच्या दिवशी एकटा मैदानावर गेलेला तो मुलगा कुणाचंही वाईट करत नव्हता. त्याचं कात्रण फलकावर लावणारा मी होतो. आणि निवृत्तीनंतर ज्या धैर्याने तुम्ही स्वतःच्या यशाची आतली बाजू लोकांपुढे मांडलीत, तेवढं धैर्य मी फार थोड्या विजेत्यांमध्ये पाहिलं आहे. तुमच्या त्या बोलण्यामुळेच मला माझी चूक नावाने ओळखता आली. त्याबद्दल मी तुमचा कायमचा ऋणी आहे.

गेल्या दिवाळीत मी त्या मुलीच्या घरी गेलो होतो. साताऱ्यात एका दवाखान्यात ती परिचारिका आहे. मी तिची माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग चहा ठेवायला आत गेली. तिची मुलगी आता तिसरीत आहे, दारातून अंगणात आणि अंगणातून दारात सारखी धावत होती, पायांत आईचाच वेग. तिला खो-खोला पाठवायचं की नाही, हे तिच्या आईने अजून ठरवलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक